लगतधारकाला नोटीस

ॲन आर्बरच्या त्या घरात जे विद्यार्थी भाड्याने राहून गेले, त्यांना जगात कुठेही ओळखता येतं. फ्रीजमध्ये मोठं पातेलं ठेवताना त्यांचा हात क्षणभर थांबतो. मी आता सांता क्लाराला असते, फ्रीज माझा एकटीचा आहे, तरी मीही थांबते.

ही शिस्त काकांची. काका म्हणजे आमचे घरमालक, मूळचे वर्ध्याकडचे. तरुणपणी ते तिकडे भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, म्हणजे शेतं मोजून कुणाची हद्द कुठे संपते ते दाखवणारा सरकारी माणूस. काकू नर्स. त्यांना इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली तेव्हा काका त्यांच्या मागोमाग आले आणि एका सर्व्हे कंपनीत शिरले. मिशिगनच्या बर्फात मोजणीची तिवई खांद्यावर टाकून त्यांनी उरलेली नोकरी केली. निवृत्त झाल्यावर मोजायला दुसरं काही राहिलं नाही, म्हणून घर मोजायला घेतलं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला किल्लीच्या आधी नकाशा दिला. स्वयंपाकघराचा, प्रमाणात काढलेला, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. फ्रीजचा नकाशा वेगळा जोडलेला. माझा कप्पा दुसरा, आणि त्याखाली खरेदीखतात लिहितात तशा चतुःसीमा: वर, कोल्हापूरचा मुलगा; खाली, काकू; उजवीकडे, अंडी; डावीकडे, फ्रीजची भिंत.

"यात फेरबदल करायचा झाला तर आधी लगतधारकाला नोटीस द्यायची," काका म्हणाले.

"लगतधारक म्हणजे?"

"ज्याची हद्द तुझ्या हद्दीला लागून आहे तो. आम्ही शेत एकाचं मोजायचो, पण नोटीस चारी बाजूंच्या लोकांना जायची. ते बांधावर येऊन उभे राहिले की मग मोजणीची साखळी उलगडायची."

मला वाटलं, गंमत करताहेत. दोन महिन्यांनी कोल्हापूरच्या मुलाने आणि मी कप्पे बदलायचं ठरवलं. त्याचा डबा उंच होता, माझा हात वर पोचत होता, दोघांची सोय होती. काकांना आवडेल म्हणून आम्ही ते कागदावर लिहून सह्यासुद्धा केल्या. काकांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि त्यावर "रद्द" असं लिहिलं.

"पण काका, म्युच्युअल आहे," कोल्हापूरकर म्हणाला. "दोघांची सही आहे."

"खालच्या कप्प्यात कोण आहे?"

"काकू. पण काकूंचा काय संबंध?"

"तुझा रस्सा सांडतो. आत्तापर्यंत तो हिच्या कप्प्यात सांडायचा, आता काकूंच्या दह्यात सांडेल. तुमचं दोघांचं छान जमलं. दह्याला कुणी विचारलं?"

काकूंनी आतून सांगितलं की त्यांची काही हरकत नाही. काका म्हणाले, हरकत नसणं वेगळं आणि न विचारणं वेगळं, आणि रीतसर नोटीस आल्यावर आठ दिवसांनी कप्पे बदलू दिले.

ह्या माणसाला मोठेपणा दाखवणाऱ्यांची ॲलर्जी होती, पण तो ती कधी बोलून दाखवत नसे. मोजून दाखवत असे. मराठी मंडळाने एकदा ज्येष्ठ सदस्य म्हणून त्यांचा सत्कार केला. अध्यक्षांनी खांद्यावर शाल घातली आणि माईक हातात घेतला तो सोडला नाही. घरी येताना गाडीत मी विचारलं, कसं वाटलं. "शाल साडेपाच फूट भरली," काका म्हणाले. "व्यासपीठ एका बाजूला दीड इंच खाली आहे. भाषण मोजायला माझ्याकडे साखळी पुरली नाही." हे संभाषण सावकाश झालं, कारण काका गाडी इतकी हळू चालवत की मागच्या गाड्या आधी हॉर्न वाजवत आणि मग काळजीने आत डोकावून बघत.

हद्दींचं हे वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी भजी तळताना.

"आमच्या आज्याकडे गावाच्या हद्दी दाखवायचं काम होतं. पिढीजात. दोन गावांचं किंवा दोन भावांचं भांडण लागलं की आज्याला बोलवायचे. तो पुढे चालायचा, पाटील मागे. आज्या म्हणेल ती हद्द. सगळ्या गावाची जमीन त्याच्या पायांना पाठ होती. त्यातली हातभरसुद्धा त्याची नव्हती." झाऱ्याने त्यांनी एक भजं उलटलं. "दाखवून झालं की त्याला घरी पाठवायचे. मग आत बसून काय ठरवायचं ते ठरवायचे."

 भजी त्या दिवशी जरा जास्त लाल झाली.

आता त्या वाटेबद्दल. आमचं घर एका बंद गल्लीत होतं. बस थांबा मागच्या मोठ्या रस्त्यावर. रस्त्याने गेलं तर टेकडीला वळसा घालून अर्धा तास, फूटपाथ नाही, हिवाळ्यात निसरडं. पण शेजारचे निवृत्त प्रोफेसर आणि मागच्या बाजूचा प्लॉट यांच्यामध्ये गवताची एक अरुंद पट्टी होती, आणि तिच्यावरून पायवाट गेली होती. त्या वाटेने थांबा पाच मिनिटांवर.

काकूंची नजर अधू झाली होती. त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं आणि काकांच्या गाडीत त्या फक्त लग्नकार्याला बसत. सोमवारी आणि गुरुवारी त्या ह्या वाटेने एकट्या जाऊन बस धरत आणि आपल्या जुन्या हॉस्पिटलात जात. तिथे ज्या तान्ह्या बाळांजवळ बसायला कुणी नसतं त्यांना मांडीवर घेऊन बसण्याचं काम त्यांनी निवृत्तीनंतर घेतलं होतं. बिनपगारी. "मला कुणी सोडायला नको, कुणी आणायला नको," त्या म्हणत. डोळे जात चाललेल्या बाईला हे वाक्य बोलता येणं म्हणजे काय, ते मला तेव्हा फारसं कळलं नव्हतं.

मार्चमधल्या एका सकाळी त्या वाटेच्या बरोबर मधोमध नारिंगी फिती बांधलेल्या खुंट्या ठोकलेल्या दिसल्या. मागचा प्लॉट एका बिल्डरने घेतला होता. पट्टी कुणाची यावरून त्याच्यात आणि प्रोफेसरांच्यात दीड वर्ष खटला चालला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. शेवटी दोघांनी तडजोड केली: अर्धी तुझी, अर्धी माझी, मध्ये उंच कुंपण. जज्जबाईंनी तडजोड मान्य करून तसा हुकूम काढला होता. मे महिन्यात कुंपण उभं राहणार होतं.

काका खुंट्यांच्या रांगेतून शेवटपर्यंत चालत जाऊन आले. "काम चोख आहे," ते म्हणाले. "एका रेषेत ठोकल्यात. फक्त वाटेला विचारायचं राहिलं."

प्रोफेसर सज्जन होते. तत्त्वज्ञान शिकवायचे आणि निवृत्तीनंतरही वाक्याच्या मध्ये विद्यार्थी वही उघडतील एवढा थांबा घ्यायचे. "मित्रा, ही न्यायालयाने मान्य केलेली तडजोड आहे," ते म्हणाले. "तिला आता एक अंतिमता आहे." मंडळाच्या अध्यक्षांनी हेच फोनवर मराठीत सांगितलं: "काका, कोर्टाचा शिक्का बसला की विषय क्लोज होतो. उगाच टेन्शन घेऊ नका."

"शिक्का सह्या करणाऱ्यांवर बसतो," काका म्हणाले. "हिच्या पायांवर कसा बसेल?"

आमच्याच घरात पूर्वी राहून गेलेली नागपूरची एक मुलगी आता डेट्रॉइटजवळ वकिली करत होती. तिला आम्ही वकीलबाई म्हणायचो. ती शनिवारी आली, चहा घेतला आणि कागद वाचून कपाळाला हात लावला.

"काका, हे बघा. खटला मिटलाय. मिटलेल्या खटल्यात तिसरा माणूस उशिरा येऊन दार वाजवतो ते कोर्टाला अजिबात आवडत नाही. आपल्याला दोन गोष्टी दाखवाव्या लागतील. एक, आपल्याला कुणी कळवलं नव्हतं."

"नव्हतंच."

"दोन, त्या वाटेवर आपला काही हक्क आहे. तुम्ही मालक नाही. पण इथे असं आहे की पंधरा वर्षं तुम्ही उघडपणे, मालकाच्या परवानगीशिवाय एखादी वाट वापरली, की तिच्यावरून जायचा हक्क लागू होतो."

"परवानगीशिवाय?"

"हो."

"म्हणजे मी पंधरा वर्षं अतिक्रमण केलं असं सांगायचं?"

"सांगायचं काय, तोच तर आपला पॉइंट आहे."

काकांचा चेहरा मला अजून दिसतो. आयुष्यभर लोकांची अतिक्रमणं नकाशावर लाल शाईने दाखवणाऱ्या माणसाला, तुझा हक्क तुझ्या अतिक्रमणातून आला आहे, असं कुणी सांगितलं होतं. ते उठून बागेत गेले. परत येऊन म्हणाले, "ठीक आहे. पण आधी पंचनामा."

वकीलबाई नको नको म्हणत असताना पंचनामा झालाच. आम्ही पाच विद्यार्थी पंच म्हणून बर्फात रांगेने उभे. काकांनी वाट टेपने मोजली, रुंदी मोठ्याने सांगितली, आम्ही ती मोठ्याने परत म्हटली. "समक्ष पाहिले, वाचून दाखविले, बरोबर आहे" असं लिहून पाचही जणांनी देवनागरीत सह्या केल्या. काकांनी वकीलबाईंना विश्वासात न घेता तो कागद स्वतः कोर्टाच्या खिडकीवर नेऊन दिला. तिथल्या बाईने तो सरळ धरला, उलटा धरला, आणि नम्रपणे विचारलं की ही तक्रार आहे की आमंत्रण. तो परत आला. मग वकीलबाईंनी त्याचंच इंग्रजीत शपथपत्र केलं आणि काकांकडून वचन घेतलं की यापुढे ते पोस्टाचं तिकीटही तिला विचारल्याशिवाय लावणार नाहीत.

सुनावणी झूमवर होती. काकांना हे न्यायदानाच्या प्रतिष्ठेला शोभणारं वाटलं नाही, म्हणून त्यांनी आपल्या बाजूने भर घातली: सूट, टाय, चकचकीत बूट, तेही डायनिंग टेबलाखाली. लॅपटॉप दोन शब्दकोशांवर. शेजारी वकीलबाई. काकू आणि मी कॅमेऱ्याच्या बाहेर, भिंतीला टेकून. पडद्यावर प्रोफेसर आपली स्वतःची पुस्तकं पाठीमागे दिसतील असे बसले होते.

जज्जबाई पडद्यावर आल्या आणि काका ताडकन उठले. त्यामुळे कोर्टाला फक्त त्यांचा पट्टा दिसू लागला.

"सर, तुम्ही बसू शकता," जज्जबाई म्हणाल्या.

"आपण आधी बसा."

"मी बसलेलीच आहे."

काका बसले. बिल्डरचे वकील चांगले तयारीचे होते. त्यांनी थोडं इकडचं तिकडचं विचारलं आणि मग सहज आवाजात म्हणाले, "ही वाट वापरण्याआधी तुम्ही कधी कुणाकडे परवानगी मागितली होती का?"

वकीलबाईंनी आदल्या दिवशी काकांना विचारलं होतं, तुम्हाला कुणी परवानगी दिली होती का. ते नाही म्हणाले होते. हा प्रश्न जरा वेगळा होता.

"मागितली होती," काका म्हणाले.

वकीलबाईंनी डोळे मिटले. काकूंनी माझं मनगट धरलं. बिल्डरचे वकील इतके खूश झाले की तिथेच थांबले. आणखी काही विचारायचं नाही, म्हणाले.

"मला विचारायचं आहे," जज्जबाई म्हणाल्या. "उत्तर काय मिळालं?"

"आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात मी प्रोफेसरांकडे गेलो. लगतधारक आहेत, विचारायला हवं. ते म्हणाले, ती पट्टी माझी नाही, मी परवानगी कशी देऊ. मग मागच्या घरी गेलो. तिथे तेव्हा दुसरे गृहस्थ राहायचे. तेही म्हणाले, माझी नाही."

"म्हणजे दोघांपैकी कुणीच परवानगी दिली नाही?"

"हो. दोघांचं एकमत होतं. परवाच्या तडजोडीसारखंच."

जज्जबाईंनी प्रोफेसरांना विचारलं, त्यांना हे आठवतं का. प्रोफेसरांनी आपला नेहमीचा थांबा घेतला, पण या वेळी तो जास्तच लांबला. "त्या काळात," ते म्हणाले, "ती पट्टी ज्याची असेल त्याने तिथलं गवत कापावं आणि बर्फ काढावा, अशी नगरपालिकेची नोटीस आली होती."

"मग बर्फ कोण काढत होतं?"

"हेच काढायचे," काकू भिंतीजवळून इंग्रजीत म्हणाल्या. त्या साक्षीदार नव्हत्या, शपथ घेतलेली नव्हती, पडद्यावर दिसतही नव्हत्या. बिल्डरच्या वकिलांनी हरकत घेतली. जज्जबाईंनी ती नोंदवून घेतली आणि प्रोफेसरांकडे बघितलं. प्रोफेसर म्हणाले, "ते खरं आहे." त्या वाक्याआधी त्यांनी थांबा घेतला नाही, याची मी त्यांच्या बाजूने नोंद करते.

निकाल थोडक्यात असा होता: दोन माणसांनी आपापसातलं भांडण हवं तसं मिटवावं, पण मिटवताना तिसऱ्याची वाट वाटून घेता येणार नाही. कुंपण थांबलं. तिघांनी मिळून एका महिन्यात नवी तडजोड आणावी. आणली नाही तर हक्काचा पूर्ण खटला चालेल, आणि तो किती लांबेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. तोवर वाट उघडी राहील, अशी खात्रीही कुणी देत नव्हतं.

तीन आठवड्यांत कागद तयार झाला. काका-काकू आणि त्यांच्या घरात राहणाऱ्यांसाठी चार फूट रुंदीची वाट, कायमची. प्रोफेसरांनी सही केली. बिल्डरने केली. वकीलबाई पेढे घेऊनच आल्या. काकांनी पेन उघडलं, कागद वाचला आणि पेन बंद केलं.

"गल्लीच्या टोकाच्या बाईंना विचारलं?"

गल्लीच्या टोकाला एक उंच, करड्या केसांची बाई एकटी राहत असे. अकरा वर्षांपूर्वी काकांनी तिला सांगितलं होतं की तिच्या झुडपांचं कुंपण नऊ इंच गल्लीत आलं आहे. तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलत नव्हती.

"काका, प्लीज यार," वकीलबाई म्हणाल्या. "ती पार्टी नाहीये. तिने काही मागितलं नाहीये. ती आली आणि नाही म्हणाली तर सगळं पुन्हा ओपन होईल."

"आपणही पार्टी नव्हतो."

"अहो, वाट माझी आहे," काकू म्हणाल्या. मी त्यांना त्या आवाजात बोलताना पहिल्यांदा ऐकलं. "महिना संपत आला. उद्या त्यांचं मन फिरलं तर मी खिडकीत बसून राहायचं का? सही करा."

काकांनी पेन हातात फिरवलं. मला वाटलं, आता करतील. "हा कागद कायमचा आहे," ते शेवटी हळूच म्हणाले. "फक्त आपलं नाव घालून सही केली, तर आपण पण तेच केलं."

 काकू उठल्या आणि पायात चपला घातल्या. "चला तर. मला जरा रस्ता दाखवा."

मी घाईने मोजणीची नोटीस टाइप केली आणि कागद घेऊन मागे गेले. त्या बाईने दार अर्धंच उघडलं.

"तुम्ही माझी झाडं नऊ इंच बाहेर आहेत म्हणाला होतात," ती काकांना म्हणाली.

"साडेनऊ. शेजारधर्म म्हणून नऊ म्हणालो."

मला वाटलं, दार आपटणार. पण तिने नोटीस घेतली, सावकाश वाचली. "मी नाही आले तर?"

"तुमच्या गैरहजेरीत मोजणी होईल. पण तुम्ही आलेलं बरं. तुम्ही त्या वाटेने जाता का?"

"रोज सकाळी."

"मला कधी दिसला नाहीत."

"दिसू नये म्हणूनच लवकर जाते."

काकूंना हसू आवरेना. दारातली ती बाई आधी काकूंकडे बघत राहिली, मग तीही हसली, आणि दार पूर्ण उघडलं.

मोजणीच्या दिवशी सगळे आले. प्रोफेसर, बिल्डर, वकीलबाई, आणि ती बाई चार चाकांचा वॉकर ढकलत. तिच्या वॉकरने चार फुटांचा हिशेब मोडला. बिल्डर म्हणाला साडेचार. वकीलबाई म्हणाल्या साडेचार ठीक आहे. काका म्हणाले, जे चालणार त्यांना विचारा. काकू त्या बाईशेजारी जाऊन उभ्या राहिल्या, एक हात तिच्या वॉकरवर ठेवला आणि म्हणाल्या, "एवढी." काकांनी टेप लावला. सहा फूट. बिल्डरने आभाळाकडे बघितलं, मग वॉकरकडे, आणि मान डोलावली. प्रोफेसरांनी आपल्या बाजूची हद्द एक फूट मागे घ्यायला सांगितली, एका शब्दात. त्याच दुपारी सगळ्यांनी सह्या केल्या. ती बाई शेवटची.

पुढच्या गुरुवारी मी स्वयंपाकघरात होते. काकू निघाल्या तेव्हा ती बाई वाटेच्या तोंडाशी थांबलेली दिसली. तिने वॉकर वळवला, काकूंनी तिच्या दांड्याला हात लावला, आणि दोघी बोलत बोलत निघाल्या. नजर हिची कमी, पाय तिचे कमी, त्यामुळे वेग काकांच्या गाडीएवढा. काका खिडकीशी चहाचा कप घेऊन उभे होते. त्या वळणाआड गेल्या तरी उभेच.

"काका, तुम्ही पण जायचं ना त्यांच्याबरोबर, थांब्यापर्यंत."

"मला कुणी बोलावलं नाही."

"कोर्टातसुद्धा कुणी बोलावलं नव्हतं."

"कोर्टाची गोष्ट निराळी," काका म्हणाले, आणि कप विसळायला घेतला. "तिथे नुसते जज्ज असतात."